बारकीचं पाणी

मागच्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा शेजारची सून माझ्या मागून कळशी घेऊन गेली. तुम्ही दोघांनी तिला हात हलवलात आणि ती हसली. फोन ठेवता ठेवता तुमच्यातल्या धाकट्यानं विचारलं, "आजी, ती हसताना तोंडावर पदर का धरते? लाजते का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर बरोबर नव्हतं. बरोबर उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं मराठीत बोलली. त्यांचं बोलणं दुसऱ्या भाषेत नेलं तर ती तुम्हाला भेटायची नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

ती लाजत नाही. तिचे दात तपकिरी आहेत.

आपल्या गावाखाली काळा खडक आहे. खोल खडकात मुरलेलं पाणी तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतं आणि खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. उथळ विहिरीच्या पाण्यात ते कमी असतं. बोअर खोल गेलं की बहुधा वाढतं. तुमच्या टूथपेस्टच्या ट्यूबवरही हाच शब्द छापलेला दिसेल, त्यामुळे गोंधळू नका. मिठासारखं समजा. चिमूटभर मिठानं भाजीला चव येते, मूठभर पडलं तर भाजी फेकावी लागते. फ्लोराइड थोडं असलं तर दात बळकट होतात. जास्त झालं तर त्याच दातांवर आधी खडूसारखे ठिपके येतात आणि मग तपकिरी पट्टे. हे पट्टे कितीही घासले तरी जात नाहीत, कारण ते वरून चढलेले नसतात. लहान मूल दुधाच्या दातांनी हसत असतं तेव्हा त्याचे पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, आणि त्या वर्षांत ते जे पाणी पितं ते त्या दातांत कायमचं राहतं. पुढे आयुष्यभर तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि गुडघेही आखडतात.

शेजारचं घर आपल्या भाऊबंदांचंच आहे. त्या घरातली सासू गावनात्यानं माझी थोरली जाऊ लागते. मी त्यांना मोठ्याबाई म्हणते. मी सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून त्या मला मास्तरीण म्हणतात, कधी मायेनं, कधी टोचून. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो आणि बहुतेक दिवस बाहेरच असतो. सून म्हणजे तुम्ही पाहिलीत ती. तिला एक मुलगी आहे. मी सांगते आहे त्या वर्षी ती तीन-साडेतीन वर्षांची होती. तिला सगळे बारकी म्हणतात.

सुनेचं बालपण दुसऱ्या एका खेड्यात, बोअरच्या पाण्यावर गेलं. नंतर तिचे वडील मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले आणि घर तिकडे गेलं. तिचा धाकटा भाऊ मानवतला जन्मला आणि नळाला येणाऱ्या धरणाच्या पाण्यावर वाढला. आई-बाप तेच, ताटात भाकरीही तीच, पण भावाचे दात पांढरे आणि बहिणीचे तपकिरी. कुणी काही शिकवायच्या आधीच तिला पाण्याबद्दल जे कळायचं ते कळलेलं होतं. लग्न जमताना दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी तिला हसायला लावून पाहिलं आणि नंतर निरोप पाठवला नाही, हे तिनं मला एकदा शेंगा फोडता फोडता सहज सांगितलं होतं.

मोठ्याबाईंना हे पटायचं नाही. त्यांना त्यांच्या बोअरचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. दुष्काळाच्या वर्षी सगळ्या आळीचे हंडे त्यांच्याच दारात भरले गेले. तुमच्या आजोबांनी आणि मीसुद्धा तिथूनच पाणी नेलं. पाणी चवीला गोड, साबणाला फेस भरपूर. आपल्याकडे असल्या पाण्याला चांगलं पाणी म्हणतात. खरं तर जास्त फ्लोराइडचं पाणी पुष्कळदा असंच मऊ असतं, पण हे सांगायला गेलं की मोठ्याबाई डाळीवर यायच्या.

"ह्या पाण्यात तुरीची डाळ बगता बगता शिजती. विख असतं तं डाळ शिजली असती का?"

त्या उन्हाळ्यात परभणीच्या एका कॉलेजातली संशोधक मुलगी गावात आली. ती सूक्ष्मजीवांवर काम करत होती. दारोदार फिरून ती पाण्याचे नमुने घ्यायची आणि काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकून दाखवायची. रंग गुलाबी राहिला तर पाणी बरं, पिवळा पडला तर फ्लोराइड जास्त. मोठ्याबाईंच्या बोअरचं पाणी पिवळं पडलं, आणि ते पडायला फार वेळ लागला नाही.

सून ती नळी हातात धरून उभी राहिली. मग बारकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, मी हिला मानवतला ठिवणार. आईकडं. पक्के दात येईस्तोवर."

"अन् तू?"

"मी हितंच."

"माय! लेकरू तिकडं अन् तू हितं? लोक काय म्हणतील? पाण्यासाठी पोरगी आजोळी टाकली म्हणतील."

"म्हणू द्या. मला दातावरून म्हणले, तवा कोण आलतं?"

मोठ्याबाईंनी बारकीला मांडीवर ओढून घेतलं. बारकी त्यांच्या अंगाखांद्यावरच वाढत होती. रात्री त्यांच्याच गोधडीत झोपायची. ती जाणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

तुम्ही विचाराल, आजी, तुझ्याकडे तर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. आहे. मी लगेच म्हटलं होतं की बारकीचं पाणी माझ्याकडून न्या. काही आठवडे सून कळशी घेऊन आली. मग येईना. विचारलं तर म्हणाली, "आत्याबाईला न्हाई आवडत, काकू. ज्या घरानं आळीला पाणी पाजलं त्या घरातलं लेकरू मागून आणलेल्या पाण्यावर वाढवायचं का, म्हणतात." शिवाय ते यंत्र जितकं पाणी देतं जवळजवळ तितकंच मोरीत सोडतं, आणि आपल्याकडे मार्चनंतर मोरीत पाणी सोडणं जिवावर येतं. जिंतूरहून जारवाला यायचा, पण येईल त्या दिवशी. आणि खेळून आलेलं लेकरू समोर दिसेल त्या पाण्याला तोंड लावणार. ते जारचं की बोअरचं, हे विचारत बसणार नाही.

तेव्हा त्या संशोधक मुलीनं आपल्या प्रयोगाची गोष्ट काढली. फ्लोराइड धरून ठेवणारे जिवाणू तिनं प्रयोगशाळेत वाढवले होते आणि आता एखाद्या घरात ते पाणी सुधारतात का, हे तिला पाहायचं होतं. मोठ्याबाईंना समजेल असं सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतल्या सवयीनं सुरुवात केली, "मोठ्याबाई, ही पाण्यात एक प्रकारचे जंतू सोडणार आहे."

"सोडणार?" त्या म्हणाल्या. "आजवर सगळे जंतू काढायला सांगायलेत. नर्सबाई म्हणती उकळा, पंचायतीचा शिपाई पावडर टाकून जातो. अन् तू, शिकलेली बाई, म्हणायलीस की सोडा?"

त्या दिवसापासून आळीत त्या मुलीचं नाव जंतूबाई पडलं. तिनं ते आनंदानं घेतलं. तिचा फोन आला की ती स्वतःच म्हणायची, "मी जंतूबाई बोलतेय."

तिनं मग मोठ्याबाईंच्या समोर मांडी घालून नीट सांगितलं. हे जिवाणू तिनं बाहेरून आणलेले नव्हते. जिथलं पाणी खराब, तिथल्याच मातीतून तिनं ते गोळा केले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राहून त्यांना फ्लोराइड सोसायची सवय झालेली असते. त्यांच्या अंगावरच्या पातळ आवरणाला फ्लोराइड चिकटतं आणि पाणी तेवढं हलकं होतं. विटांच्या तुकड्यांवर त्यांची साय धरू द्यायची, त्यावरून पाणी हळूहळू जाऊ द्यायचं, मग ते वाळू आणि कोळशातून गाळायचं आणि शेवटी उकळायचं. उकळून फ्लोराइड जात नाही, ते आधीच काढलेलं असायला हवं. उकळणं हे उरल्यासुरल्या जिवाणूंसाठी.

"म्हंजी ते हितलेच," मोठ्याबाई म्हणाल्या.

"इथलेच, आजी. तुमच्याच शिवारातले."

"मग ऱ्हाऊ द्या. गावचे हायेत तं."

त्यांनी होकार दिला तो जिवाणूंवर विश्वास बसला म्हणून नव्हे, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. पाणी सुधारलं तर बारकी घरी राहणार होती. सुनेनंही तसं कबूल केलं. दिवाळीपर्यंत वाट पाहते, म्हणाली. पाणी पिण्याजोगं झालं तर बारकी इथे, नाही झालं तर मानवतला.

नागपंचमीनंतर त्यांच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला लागून, एक निळं पिंप आलं आणि त्याच्या खाली दुसरं. वरच्यात विटांचे तुकडे, खालच्यात वाळू आणि कोळसा. जंतूबाईनं बजावून सांगितलं की या पिंपाला साबण लावायचा नाही, पंचायतीची पावडर त्यात पडू द्यायची नाही, आणि तिचा अहवाल आल्याशिवाय त्यातला थेंबही कुणी प्यायचा नाही. पिंपाच्या तळाशी बसणारा गाळ शेतात टाकायचा नाही. तो बाटलीत भरून ठेवायचा, ती घेऊन जाईल. आणि रोज सकाळी वरच्या पिंपात थोडं गुळाचं पाणी घालायचं, कारण जिवाणूंनाही खायला लागतं.

हे ऐकून मोठ्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आता जंतूला निवद दाखवायचा ऱ्हायलाय! गुरवाला सांगू का आरती करायला?"

पण गूळ सून घालायची. सकाळी अंगण झाडलं की वाटीत गुळाचा खडा विरघळवायची, पिंपाचं झाकण उचलायची आणि बारकीला कडेवर घेऊन आत दाखवायची. हळूहळू विटांवर करडी, बुळबुळीत साय धरली. वास थोडा ओल्या मातीसारखा यायचा. जंतूबाई अधूनमधून येऊन नळीत पाणी धरायची. पहिल्या खेपांना रंग पिवळाच पडला, मग नारिंगीकडे झुकला. दसऱ्याच्या आसपास एकदा नळी गुलाबी राहिली. पुढच्या खेपेलाही गुलाबीच राहिली. सून पदर धरायचं विसरून हसली.

जंतूबाई मात्र सावध होती. नळीचा रंग म्हणजे नुसता अंदाज, खरी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होणार, आणि त्यात इतर रोगजंतू नाहीत ना हेही पाहायचं होतं. दिवाळी झाली की ती त्यासाठी नमुना नेणार होती. तोवर थांबा, म्हणाली. सगळे थांबायला तयार होते.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं. सूर्य ग्रहणातच मावळला. ग्रहणात काय करतात हे तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. ग्रहण लागायच्या आत स्वयंपाक उरकतात, त्या वेळात खात-पीत नाहीत. घरात साठवलेलं पाणी ग्रहण लागलेलं म्हणून ओतून देतात, हंडे-कळशा राखेनं लख्ख घासतात आणि नवं पाणी भरतात. सूर्य ग्रहण लागलेलाच बुडाला, म्हणून सगळी आवराआवर दुसऱ्या दिवशी सकाळी, शुद्ध सूर्य पाहून झाल्यावर. त्याच सकाळी सून भाऊबीजेसाठी बारकीला घेऊन पहिल्या एसटीनं मानवतला गेली होती. दोन दिवसांनी दोघी परत येणार होत्या.

मी माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. भिंतीपलीकडून मोठ्याबाईंची हाक आली.

"मास्तरीण, इकडं ये की. काम बगून जा."

आवाजात समाधान होतं. मी गेले. अंगणात सगळी भांडी उन्हात उपडी पडली होती आणि नुसती चमकत होती. त्यांच्या शेजारी ते निळं पिंप, तेही उपडं. आणि जुन्या बाजेवर विटांचे तुकडे पसरलेले, एकेक राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासलेला, भट्टीतून आताच आल्यासारखा लालभडक. गुडघे आखडलेली ती बाई पहाटेपासून बसून ते घासत होती.

"कसली घाण धरली व्हती, माय! शेवाळच शेवाळ. हात बुळबुळ झाले माझे. उद्या-परवा लेकरू हे पाणी प्यायचं, अन् त्यात ग्रहणाचं पाणी ठिवायचं का? साबण न्हाई लावला हां. सांगितलं व्हतं नं, म्हून नुसती राख."

मी बाजेच्या कडेवर बसले. जंतूबाईनं साबण नको म्हटलं होतं, पावडर नको म्हटलं होतं. राख आणि ग्रहण कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"मोठ्याबाई," मी म्हटलं, "ती घाण म्हणजेच ते जिवाणू होते."

त्या हसल्या. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं.

"सगळे?"

"बहुतेक."

"पण ते दिसत न्हाईत म्हणली व्हती ती. डोळ्याला दिसत न्हाईत म्हणली."

"एकटा दिसत नाही. लाखो एकत्र राहिले की त्यांची साय दिसते. दुधात विरजण टाकल्यावर दही लागतं ना, ते काम करणारेही असेच. ते तरी कुठे दिसतात?"

त्यांनी विटेचा एक तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला. मग ज्या आवाजात त्या बोलल्या त्यात राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"मग विरजणावाणी हाय म्हणून आधी सांगायचं का न्हाई? जंतू जंतू काय करायलाव दोघी! सायीला, लोणच्याला म्या काल तुळशीचं पान ठिवलं. त्याला ग्रहण लागत न्हाई. ह्याच्यावर बी ठिवलं असतं की!"

ते खरं होतं. दही, लोणचं, तूप, जे धरून ठेवायचं असतं त्यावर ग्रहणाआधी तुळशीचं पान ठेवतात आणि ते टाकून देत नाहीत. त्यांच्या लेखी पिंपात साठवलेलं पाणी होतं. त्यात काही धरलेलं, जपायचं आहे, हे आम्ही त्यांना त्यांच्या घरातल्या शब्दांत कधी सांगितलंच नव्हतं.

सुनेला कळवायचं होतं. "तू सांग," त्या मला म्हणाल्या. मी फोन लावून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी सांगितलं, लपवलं काही नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. पलीकडून सून काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण मोठ्याबाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो.

"बरं," ती म्हणाली. मागे मानवतचे फटाके वाजत होते. मग, "मग बारकी हितंच ऱ्हाईल, आत्याबाई."

दोन दिवसांनी ती आली, ती एकटीच. सासूला एका शब्दानं बोलली नाही. मला वाटतं, बोलली असती तर मोठ्याबाईंना बरं वाटलं असतं.

जंतूबाई आठवड्याभरात आली. तिला फोनवर सगळं सांगितलेलं होतं, तरी बाजेवरच्या विटा पाहून ती डोक्याला हात लावून हसायला लागली. मोठ्याबाई ताठ उभ्या. "हसू नगं. बोल काय बोलायचं ते."

"आजी, इतकं स्वच्छ काम आमच्या प्रयोगशाळेत कुणी करत नाही," ती म्हणाली. मग कामाला लागली. दोन्ही पिंपांना जोडणारी रबरी नळी तिनं काढली आणि ब्लेडनं उभी चिरली. आत, जिथे मोठ्याबाईंचं बोट पोहोचलं नव्हतं, तिथे करड्या सायीचा पातळ थर शाबूत होता. तिनं तो चमच्यानं खरवडून बाटलीत घेतला.

"हे बघा, उरलेत थोडे. इथल्या पाण्याची सवय झालेले. कॉलेजात ठेवलेले आणीन, त्यात हे मिसळीन. पण वेळ लागेल, आता थंडी आहे."

मोठ्याबाई पुढे वाकून त्या बाटलीकडे पाहत होत्या. "पातेल्याच्या कडंला ऱ्हातंच," त्या म्हणाल्या. "तेवढ्यावर लागतं पुन्यांदा."

परभणीची थंडी तुमच्या तिकडच्या थंडीपुढे काहीच नाही, पण ती कोरडी असते आणि हाडात शिरते. थंडीत दही लागत नाही तसे जिवाणूही वाढत नाहीत. नवी साय धरायला तयार नव्हती. आता गूळ घालायचं काम मोठ्याबाईंनी सुनेकडून काढून घेतलं होतं. एके दिवशी पाहते तर पिंप जागेवर नाही. पाणी तापवायच्या चुलीच्या उबेला, न्हाणीच्या कोपऱ्यात ते नेऊन ठेवलं होतं आणि त्याला गोधडी गुंडाळली होती. मी ओळखली ती गोधडी. बारकी झोपायची तीच.

"आता त्याला बाळलेणं घाला," मी म्हटलं.

"हस तू, मास्तरीण. तुझं दही लागायलंय का ह्या थंडीत?"

माझं दही खरंच लागत नव्हतं.

दर दोन-चार दिवसांनी सून मानवतला फोन लावायची. सुरुवातीला बारकी रडायची. "आई, ये, घिऊन जा मला." मग रडणं थांबलं. एकदा मी तिथेच होते. सुनेनं विचारलं, "बारके, येतीस का घरी?" तिकडून आवाज आला, "न्हाई येत. हितं नळ हाय. फिरवला की येतंय पानी. मामा हाय. तिकडं काय हाय?" सून हसली. "आगाऊ झालीया," म्हणाली. फोन ठेवून ती भाकरी थापायला बसली. मी घरी येऊन तुमच्या आईला फोन लावला होता, ती वेळ तिकडे तुम्हाला शाळेत सोडायची होती, कुणी उचलला नाही.

संक्रांत गेली. ऊन चढायला लागलं आणि विटांवर पुन्हा करडी साय दिसू लागली. मोठ्याबाई झाकण उचलून वाकून पाहायच्या आणि कुणी जवळ आलं की हात आडवा धरायच्या. "सावली पडू देऊ नगं. दिष्ट लागती." काचेच्या नळीतलं पाणी नारिंगी झालं, मग गुलाबी. जंतूबाई बर्फाच्या डब्यात नमुना घालून घेऊन गेली. अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत मोठ्याबाई मला रोज विचारायच्या, आला का. आणि रोज मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "सबूर कर जरा," जणू मीच विचारलं होतं.

अहवाल चांगला आला. जंतूबाईनं तो मला फोनवर वाचून दाखवला आणि पाठोपाठ अटी सांगितल्या. फ्लोराइड मर्यादेच्या आत आहे, रोगजंतू सापडले नाहीत, पण हे एका पिंपाचं काम आहे. दिवसाला कळशीभरच पाणी मिळेल. ते फक्त बारकीच्या पिण्यासाठी आणि तिच्या वरण-भातासाठी वापरा, उकळूनच वापरा, आणि मी दर महिन्याला तपासणार. रंग बदलला की त्याच दिवशी बंद. हे पाणी सगळ्या गावाला पुरवता येईल का, हे तिला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही असं ती सरळ म्हणते, म्हणून मला तिच्या बाकीच्या बोलण्याचा भरवसा वाटतो.

मी हे सगळं मोठ्याबाईंना सांगितलं. "मग तुमी काय पिणार?" सुनेनं त्यांना विचारलं.

"आमी बोरचंच. माझे दात कवाचेच गेले, आता काय रंगायचं ऱ्हायलंय?"

"दातावरच न्हाई, आत्याबाई. गुडघ्यावर बी येतं, जंतूबाई म्हणल्या."

"गुडघे बी झाले आता. लेकरापुरतं हाय नं? मग लेकराला."

दुसऱ्या दिवशी मानवतला कोण जाणार यावरून थोडी कुरबुर झाली. सून निघाली होती, पिशवी हातात घेतलेली. मोठ्याबाई नवी साडी नेसून बाहेर आल्या. त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, सेलूला गाडी बदलावी लागते, हे सगळं सुनेनं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पोरगी माझ्यामुळं तिकडं ऱ्हायली. म्या आणते." तो विषय त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं निघाला होता. शेवटी दोघीही गेल्या.

संध्याकाळच्या एसटीनं त्या उतरल्या तेव्हा मी फाट्यावर गेले होते. बारकी आईच्या बोटाला धरून नव्हती. मोठ्याबाईंच्या पदराआडून पाहत होती. उंची वाढली होती. मानवतचं पाणी आणि मानवतची आजी दोन्ही मानवलेली दिसत होती. मी काही विचारायच्या आत मला म्हणाली, "मी आले. नळ न्हाई हितं, मला ठावं हाय."

घरी आल्यावर मोठ्याबाईंनी तिला तिच्या छोट्या पितळी गडव्यात पाणी दिलं. ती घटाघटा प्याली, तोंड मनगटानं पुसलं आणि कोंबड्यांमागे पळाली. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आम्ही तिघी तिच्याकडे पाहत उभ्या होतो ते मात्र तिला वेगळं वाटलं असावं, कारण एकदा थांबून तिनं विचारलं, "काय बगायल्यात?"

तिचे पक्के दात यायला अजून अवकाश आहे. ते कसे येतील हे आज कुणीच सांगू शकत नाही. आधीची तीन वर्षं ती बोअरचंच पाणी प्यायली आहे. जंतूबाईही तेच म्हणते.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा सून आत लोखंडी पेटी उघडून बसली होती. पिशवीतून एकेक कपडा काढून, झटकून, घडी घालून ठेवत होती. थंडीतला स्वेटर, आखूड झालेला फ्रॉक, मामानं घेतलेले नवे मोजे.

"सगळेच आणलेस?" मी विचारलं.

"सगळे," ती म्हणाली. "आई म्हणत व्हती, दोन असू दे हितं, येतीजातीला. म्या न्हाई ठिवले."